‘टु’ कीं ‘इंग’ : एका जुन्या अडचणीचा इतिहास

इंग्रजी शाळेंत गेलेल्या आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस कोणत्या ना कोणत्या लाल रेघेची आठवण असेल. आम्हांस आमची चांगली आठवते. निबंधाच्या वहींत आम्हीं मोठ्या हौसेनें ‘आय एन्जॉय टु रीड’ असें वाक्य लिहिलें होतें. मास्तरांनीं ‘टु रीड’ या दोन शब्दांवर लाल शाईची रेघ ओढली आणि वर ‘रीडिंग’ असें लिहिलें. चार ओळी खालीं ‘आय वाँट टु रीड’ असेंही एक वाक्य होतें. त्याला मात्र रेघ नव्हती. एकाच वहींत, एकाच ‘टु रीड’ला एके ठिकाणीं मान आणि दुसऱ्या ठिकाणीं अपमान कां, असें आम्हीं धीर करून विचारलें. ‘इंग्रज लोक असें म्हणत नाहींत,’ एवढें उत्तर मिळालें. उत्तर खोटें नव्हतें. पण तेथेंच चौकशी संपली. पुढें आम्हांस एक यादी मिळाली. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘सजेस्ट’ यांच्यापुढें ‘इंग’. ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’ यांच्यापुढें ‘टु’. आणि ‘लाइक’, ‘बिगिन’ यांच्यापुढें दोहोंपैकीं कोणतेंही. ती यादी आम्हीं रामरक्षेसारखी पाठ केली, आणि त्या वयांत रामरक्षा जशी अर्थ न विचारतां पाठ केली होती, तशीच हीही केली.

विषय दिसावयास लहान आहे. परंतु आमच्या मध्यमवर्गीय घरांत इंग्रजी ही केवळ परीक्षेची भाषा नाहीं; ती नोकरीच्या अर्जाची, मुलाखतीची, वरिष्ठांपुढें बोलण्याची भाषा आहे. पदवी घेतलेला मनुष्य चारचौघांत इंग्रजी बोलूं लागला म्हणजे मध्येंच अडखळतो, आणि त्याचें लिहिणें निर्दोष असूनही बोलणें दबकत दबकत चालतें, याचें एक कारण अशा लहान लहान रेघांचा सांचलेला धाक हें आहे. ज्या नियमाचें कारण ठाऊक नसतें तो नियम पाळणाराला शहाणा करीत नाहीं, भित्रा करतो. म्हणून ‘टु’ कीं ‘इंग’ ही अडचण कोठून आली, आणि तिची यादी कोणीं व कोणासाठीं लिहिली, याचा थोडा इतिहास पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या इतिहासांत आपल्या मराठीचाही अनपेक्षित संबंध येतो, हें पुढें दिसून येईल.

प्रथम नांवें स्पष्ट करूं. ‘टु रीड’ या रूपास इंग्रजी व्याकरणांत ‘इन्फिनिटिव्ह’ म्हणतात. आणि ‘रीडिंग’ हें रूप जेव्हां नामाचें काम करतें तेव्हां त्यास ‘जेरंड’ म्हणतात. आपल्या व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिलें रूप ‘वाचावयास’ या हेत्वर्थक रूपाजवळचें आणि दुसरें ‘वाचन’, ‘वाचणें’ या धातुसाधित नामांजवळचें आहे. सोयीसाठीं यापुढें एकास आम्ही ‘टु’-रूप व दुसऱ्यास ‘इंग’-रूप म्हणूं.

आतां इंग्लंडच्या इतिहासांत एक हजारांहून अधिक वर्षें मागें जाऊं. राजा आल्फ्रेड हा ८९९ सालीं वारला. त्याच्या काळच्या इंग्रजींत क्रियेचें नांव धातूला ‘अन’ हा प्रत्यय लावून होत असे: ‘सिंगन’ म्हणजे गाणें, ‘बेरन’ म्हणजे वाहून नेणें. हा ‘अन’ वाचकांस ओळखीचा वाटेल, आणि ती ओळख खोटी नाहीं. तौलनिक भाषाशास्त्राच्या मतें जर्मानिक भाषांतील हा प्रत्यय आणि संस्कृतांतील ‘भरणम्’, ‘गमनम्’ या नामांतील ‘अन’ हे एकाच मूळच्या प्रत्ययाचे वंशज होत. म्हणजे ‘बेरन’ आणि ‘भरणम्’ हे शब्द धातु व प्रत्यय या दोन्ही बाजूंनीं एकमेकांचे भाऊबंद आहेत. आणि आपल्या ‘करणें’, ‘भरणें’ यांतील ‘णें’ही याच घराण्यांतील मानला जातो.

याच क्रियानामाला चतुर्थीचा प्रत्यय लावून त्याच्या अगोदर ‘टो’ हें अव्यय ठेवलें कीं ‘टो बेरेन्ने’ असें रूप होई. ‘टो’ म्हणजे ‘कडे’. मनुष्य गांवाकडे जातो, तसें येथें मन क्रियेकडे जातें. ‘टो बेरेन्ने’ म्हणजे ‘वाहावयास’, ‘वाहण्यासाठीं’. आजचा ‘टु’ तो हाच. हेतु, इच्छा, दिशा, पुढें व्हावयाची गोष्ट, हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे.

ही युक्ति एकट्या इंग्रजांची नव्हे. वेदकालीन संस्कृतांत हेत्वर्थक रूपें पुष्कळ होतीं, आणि त्यांतील बरींच चतुर्थीच्या वळणाचीं आहेत. ‘कर्तवे’, ‘पिबध्यै’ हीं त्यांचीं उदाहरणें. पुढें संस्कृतांत ‘कर्तुम्’ हा एकच प्रकार राहिला. पाणिनीनें त्याच्यासंबंधीं जे नियम केले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें फार मनोरंजक आहेत. एका सूत्रांत तो सांगतो कीं, एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठीं असेल तर ‘तुमुन्’ प्रत्यय लावावा. दुसऱ्यांत सांगतो कीं, इच्छार्थक धातूंबरोबर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असतां तो लावावा. हे झाले अर्थाचे नियम. परंतु तेवढ्यानें काम भागेना, म्हणून आणखी एका सूत्रांत त्यानें शक्, धृष्, ज्ञा, रभ्, लभ्, सह्, अर्ह् इत्यादि धातूंची सरळ यादीच दिली. ज्या यादीचा आम्हांस शाळेंत कंटाळा आला, तसली यादी साक्षात् पाणिनीलाही चुकली नाहीं. अर्थ जेथवर नेतो तेथवर अर्थ, आणि त्यापुढें यादी, ही वाट फार जुनी आहे.

मराठीनें तर ही चतुर्थी अजून उघडी ठेविली आहे. ‘करावयास’ यांतील ‘स’ आणि ‘करायला’ यांतील ‘ला’ हे आपले नित्याचे चतुर्थीचे प्रत्यय. ‘गांवाला गेला’ आणि ‘जेवायला गेला’ या दोहोंत ‘ला’ एकच, हें सांगावयास पंडित लागत नाहीं. इंग्रजींत मात्र ही चतुर्थी पुसली गेली, आणि तेथूनच आपल्या अडचणीस आरंभ झाला.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. शब्दांचे शेवटचे प्रत्यय झिजण्यास त्याच्या अगोदरच सुरुवात झाली होती. पुढील चार-साडेचार शतकांत तें काम पुरें झालें. ‘सिंगन’चें ‘सिंगेन’, ‘सिंगेन’चें ‘सिंगे’, आणि शेवटीं नुसतें ‘सिंग’ उरलें. प्रत्यय गेल्यावर क्रियेचें नांव कोणतें आणि आज्ञा कोणती हें रूपावरून ओळखतां येईना. तेव्हां ओळखीची खूण म्हणून ‘टु’चा उपयोग वाढत गेला. जो शब्द पूर्वीं दिशा दाखवीत असे, तो आतां चपराशाच्या पट्ट्यासारखा नुसता ओळख पटविण्यापुरता राहिला. आणि जेथें हेतूचा वासही नाहीं अशा ठिकाणींही तो येऊं लागला. तरी जुना स्वभाव त्यानें अगदींच टाकला नाहीं, हें आपण पुढें पाहूं.

‘इंग’-रूपाची कथा याच्या उलट दिशेनें चालते. जुन्या इंग्रजींत ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय लावून धातूपासून शुद्ध नाम होई. ‘लेओर्नुंग’ म्हणजे अध्ययन. हें नाम सर्वस्वीं नामच होतें. क्रियापदाप्रमाणें त्याला कर्म घेतां येत नसे. कर्म सांगावयाचें तर षष्ठीचा आश्रय करावा लागे. आपल्या ‘वाचन’ शब्दाचें तसेंच आहे: ‘पुस्तकाचें वाचन’ असें आपण म्हणतों. चौदाव्या शतकाच्या सुमारास या नामाच्या अंगीं क्रियापदाचे गुण येऊं लागले. तें सरळ कर्म घेऊं लागलें, क्रियाविशेषण घेऊं लागलें. वर्तमानकालवाचक धातुसाधिताचा जो ‘एंडे’ हा निराळा प्रत्यय होता, तोही मध्ययुगांत ‘इंग’मध्यें मिसळून गेला. थोडक्यांत म्हणजे जें पूर्वीं ‘वाचन’ होतें त्याचें ‘वाचणें’ झालें. ‘पुस्तक वाचणें’ यांत नामही आहे आणि क्रियापदही आहे. आजचें ‘इंग’-रूप तसेंच आहे.

ही दुहेरी प्रकृति व्याकरणकारांस मानवली नाहीं. पुढें लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनीं १७६२ सालच्या आपल्या लहानशा व्याकरणांत असा निर्णय दिला कीं, ‘इंग’-रूपामागें ‘द’ लावावयाचा असेल तर पुढें ‘ऑफ’ही लावावा, नाहींतर दोन्ही सोडावे. एक तर पुरतें नाम व्हा, नाहींतर पुरतें क्रियापद व्हा, असा त्याचा भावार्थ. लिंड्ली मरे हे मूळचे अमेरिकेंतील वकील. ते यॉर्क येथें येऊन राहिले आणि १७९५ सालीं त्यांनीं जें व्याकरण प्रसिद्ध केलें त्यांत हाच नियम उचलला. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबर हा नियम शाळाशाळांतून पसरला.

विसाव्या शतकांतही वाद शमला नव्हता. ‘इंग’-रूपाच्या कर्त्याला षष्ठी लावलीच पाहिजे, ‘हिज गोइंग’ म्हणावें, ‘हिम गोइंग’ म्हणूं नये, असा फाउलर यांचा आग्रह होता. तर हा दुसरा प्रयोग भाषेच्या वाढीचें स्वाभाविक फळ आहे, असा डेन्मार्कचे पंडित ऑटो येस्पर्सन यांचा पक्ष होता. १९२५ ते १९२७ या काळांत शुद्ध इंग्रजीसाठीं स्थापन झालेल्या मंडळीच्या पत्रिकांतून या दोघांचा सामना झाला. त्यांतील मौज अशी कीं, इंग्रजी कसें असावें हें इंग्रज सांगत होता, आणि तें कसें आहे व तसें कसें झालें हें परका सांगत होता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. क्रियापदापुढें कर्माचें आसन एक, आणि त्यावर हक्क सांगणारीं रूपें दोन. पूर्वीं हें आसन बहुतेक ‘टु’-रूपाकडे असे. ‘इंग’-रूपाच्या अंगीं क्रियापदाचें बळ येत गेलें तसतशीं त्यानें एकेक करून पुष्कळ आसनें घेतलीं, आणि या कामास शतकें लागलीं. सतराव्या शतकांतील लेखनांत ‘अव्हॉइड’पुढें ‘टु’-रूप सांपडतें. आज तेंच चूक मानतात. ‘त्याला पाहिल्याचें मला आठवतें’ असें म्हणावयाचें तर अठराव्या शतकांतील सुशिक्षित इंग्रज ‘आय रिमेंबर टु हॅव सीन हिम’ असें लिहीत. आतां ‘आय रिमेंबर सीइंग हिम’ असें लिहितात. एकोणिसाव्या शतकांत ‘अकस्टम्ड टु डू’ हा प्रयोग राजमान्य होता; आतां ‘अकस्टम्ड टु डूइंग’ असें शिकविलें जातें. इंग्रजी स्वरांचें जें प्रसिद्ध महास्थित्यंतर इतिहासांत सांगतात, त्याच्या धर्तीवर जर्मन अभ्यासक ग्युंटर रोडेनबुर्ग यांनीं या घडामोडीस ‘पूरकांचें महास्थित्यंतर’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे.

यावरून एक गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे. ज्या प्रकारच्या वाक्याबद्दल आपल्या मुलाचा गुण कापला जातो, त्या प्रकारचें वाक्य कोणे एके काळीं चांगले इंग्रज लेखक लिहीत होते. चूक आणि शुद्ध यांच्या मधली भिंत तेथें आहे खरी, पण ती सरकत सरकत तेथें आलेली आहे. आमच्या मास्तरांच्या उत्तरांत एकच शब्द कमी होता. ‘इंग्रज लोक आतां असें म्हणत नाहींत,’ असें ते म्हणते तर त्या एका शब्दानें इतिहासाचें दार उघडलें असतें.

मग कोणतें आसन कोणास मिळालें यांत कांहीं न्याय आहे कीं नाहीं? पुष्कळ अंशीं आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनीं १९६८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, ‘इंग’-रूप क्रियेला घडलेली किंवा घडत असलेली वस्तु म्हणून समोर मांडतें, आणि ‘टु’-रूप तिला संभाव्य गोष्ट म्हणून मांडतें. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ‘टो बेरेन्ने’च्या काळचा दिशादर्शक स्वभाव तो हाच. इच्छा, आशा, निश्चय, वचन यांची क्रिया पुढें व्हावयाची असते. तेथें ‘टु’ बसला. उपभोग घेणें, संपविणें, कबूल करणें यांस क्रिया अगोदर हातांत असावी लागते. तेथें ‘इंग’ बसलें.

जीं क्रियापदें दोन्ही रूपें घेतात पण अर्थ बदलतात, तीं या न्यायाची उत्तम साक्ष देतात. आणि मराठी भाषकाला ती साक्ष समजावयास फार श्रम नकोत. ‘रिमेंबर’पुढें ‘टु’ आला तर ‘दार लावायची आठवण ठेव’. ‘इंग’ आलें तर ‘दार लावल्याचें आठवतें’. ‘फर्गेट’पुढें ‘टु’ आला तर ‘पत्र टाकायला विसरलों’, म्हणजे पत्र खिशांतच राहिलें. ‘इंग’ आलें तर ‘पत्र टाकल्याचें विसरलों’, म्हणजे पत्र केव्हांच पोंचलें. ‘ट्राय’पुढें ‘टु’ आला तर ‘खिडकी उघडायचा प्रयत्न कर’. ‘इंग’ आलें तर ‘खिडकी उघडून पाहा’, कदाचित् वारा येईल. आणि सर्वांत सुंदर उदाहरण ‘स्टॉप’चें. ‘ही स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे तो बोलायला थांबला. येथें ‘टु’ अगदीं मूळच्या हेतूच्या अर्थानें उभा आहे. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचा थांबला. इंग्रजींत ज्यासाठीं दोन निराळीं रूपें पाठ करावीं लागतात, तें काम मराठी एका ‘ला’ आणि एका ‘चा’मध्यें करते. दहा वर्षांच्या मुलालाही हा भेद विचारल्यावांचून कळतो. मग हाच भेद त्याला परक्या भाषेंतील चमत्कार म्हणून कां शिकवावा?

तथापि येथें आपल्या भाषेचा अभिमान आवरता घेतला पाहिजे. मराठीची किल्ली पुष्कळ खोल्या उघडते. सर्व उघडत नाहीं. ‘मला वाचायला आवडतें’ असें आपण म्हणतों. या ‘ला’वर विसंबूनच आम्हीं ‘एन्जॉय टु रीड’ असें लिहिलें होतें. ‘लाइक’पुढें तें चाललें असतें, ‘एन्जॉय’पुढें चाललें नाहीं. त्याचें कारण त्या शब्दाच्या जन्मांत दिसतें. तो फ्रेंचांतून आला आणि वस्तूचा उपभोग घेणें या अर्थानें नामाला कर्म करून वावरूं लागला. म्हणून क्रियेची पाळी आली तेव्हां नामासारखें असलेलें ‘इंग’-रूपच त्यानें जवळ केलें. उलट ‘त्यानें जायचें ठरविलें’ यांत आपल्याकडे ‘ला’ नाहीं, पण इंग्रजींत ‘टु’ लागतो. ‘सजेस्ट’ आणि ‘पोस्टपोन’ यांची क्रिया तर स्पष्टच पुढें व्हावयाची असते, तरी तीं ‘इंग’च घेतात. येथें अर्थाचा न्याय थांबतो आणि रूढीचा अंमल सुरू होतो. एवढ्यापुरती यादी पाठ करावी, आणि पाणिनीचें स्मरण करून लाज न बाळगतां करावी.

आणखी एक घोंटाळा आपल्या पत्रव्यवहारांत फार आढळतो. अर्जाच्या शेवटीं ‘लुकिंग फॉर्वर्ड टु मीट यू’ असें कित्येक चांगले लोक लिहितात. ‘टु’ दिसला कीं पुढें मूळ क्रियापद ठेवावें, हा अर्धवट पाठ झालेला नियम त्याच्या मुळाशीं असतो. खरें पाहतां इंग्रजींत आतां दोन ‘टु’ आहेत: एक पट्टेवाला, क्रियापदाची ओळख पटविणारा, आणि दुसरा जुना, ‘कडे’ या अर्थाचा. ‘लुक फॉर्वर्ड’पुढचा ‘टु’ जुना आहे. कसोटी सोपी आहे. पुढें एखादें साधें नाम ठेवून पाहावें. ‘लुक फॉर्वर्ड टु द हॉलिडे’ असें म्हणतां येतें, म्हणून तेथें नामासारखें ‘मीटिंग’ हवें. ‘वाँट टु द हॉलिडे’ असें म्हणतां येत नाहीं, म्हणून तेथें ‘मीट’.

‘वाँट’चा विषय निघाला म्हणून सांगतों. हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेंतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘उणें असणें’ असा. इच्छेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला, आणि इच्छेबरोबर ‘टु’ आला. पण जुना अर्थ एका कोंपऱ्यांत शिल्लक आहे: ‘द वॉल वाँट्स पेंटिंग’, म्हणजे भिंतीला रंग हवा आहे. येथें भिंतीला इच्छा नाहीं, उणीव आहे, म्हणून ‘इंग’. आपलें ‘पाहिजे’ही असेंच दुरून आलेलें आहे. तें मूळचें ‘पाहणें’ या क्रियापदाचें कर्मणि रूप. ज्याची वाट ‘पाहिली जाते’ तें हवें असतें, एवढ्या वाटेनें तें गरजेच्या अर्थाला पोंचलें. शब्दांच्या अशा वाटा मुलांना दाखविल्या तर त्यांस व्याकरण म्हणजे शिक्षा वाटणार नाहीं.

आतां ती यादी कोणीं लिहिली हें सांगावयाचें राहिलें. लाउथ आणि मरे यांच्या वाचकांस ‘एन्जॉय’पुढें काय यावें हें आईनेंच शिकविलेलें होतें. अशी यादी लागते ती परक्याला, आणि म्हणून तिचा पद्धतशीर अभ्यासही परदेशांतच वाढला. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२२ सालीं जपानांत गेले, आणि पुढच्याच वर्षीं तोकियो येथें इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था निघाली. त्यांच्यामागून तें काम ए. एस. हॉर्नबी यांनीं पुढें नेलें. जपानी विद्यार्थी शब्दाचा अर्थ कोशांत पाहूं शके, पण त्या शब्दापुढें काय ठेवावें हें त्याला कोणताच कोश सांगत नसे. म्हणून हॉर्नबी व त्यांचे दोन सहकारी यांनीं असा कोश रचला कीं, ज्यांत प्रत्येक क्रियापदापुढें काय चालतें हें पंचवीस सांच्यांत बसवून सांगितलें होतें. तो तोकियोंत १९४२ सालीं छापला गेला. इंग्लंड व जपान त्या वेळीं एकमेकांचे शत्रु होते. हॉर्नबी यांस युद्ध सुरू होतांच स्थानबद्ध करण्यांत आलें होतें आणि त्याच सालीं ते मायदेशीं परत गेले. दोन राष्ट्रें तोफांनीं बोलत असतां शत्रूची भाषा नीट बोलतां यावी म्हणून लिहिलेला कोश शत्रूच्याच राजधानींत छापला जावा, ही इतिहासाची थट्टा म्हणावी कीं त्याचा मोठेपणा? १९४८ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें तोच कोश पुन्हां काढला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आज आपल्याही मुलांच्या टेबलांवर दिसतात.

आमच्या मनांतील यादीविषयींची अढी हें वाचल्यावर पुष्कळ कमी झाली. इंग्रजानें आम्हांस हिणविण्यासाठीं ती केली, अशी आमची लहानपणची समजूत होती. प्रत्यक्षांत ती आमच्यासारख्याच अडखळणाऱ्या दूरच्या विद्यार्थ्यांकडे पाहून, त्यांची अडचण समजून घेऊन केलेली आहे. आमच्याकडेही असा प्रयत्न अगदींच झाला नाहीं असें नाहीं. दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून आपल्या भाषेचे प्रत्यय आपल्यास नीट मांडलेले मिळत आहेत. आणि तर्खडकर भाषांतर पाठमालेंत मराठी व इंग्रजी वाक्यें एकमेकांशेजारीं ठेवून पिढ्याच्या पिढ्या शिकल्या. उणें एवढेंच राहिलें कीं, वाक्याशेजारीं वाक्य आलें, पण प्रत्ययाशेजारीं प्रत्यय ठेवून त्यांचा इतिहास सांगण्याची संवय शाळांस लागली नाहीं.

ती भिंत अजूनही सरकत आहे. १९६१ सालीं छापलेल्या अमेरिकन व ब्रिटिश मजकुरांचे प्रत्येकीं सुमारें दहा लक्ष शब्दांचे संग्रह अभ्यासकांनीं केले, आणि पुढें १९९१-९२ सालच्या मजकुरांचे तसेच संग्रह करून दोहोंची तुलना केली. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ यांच्यापुढें कोणतें रूप येतें, ‘प्रिव्हेंट’नंतर ‘फ्रॉम’ ठेवतात कीं गाळतात, अशा गोष्टींत अमेरिका व इंग्लंड यांच्या संवयी निराळ्या आहेत आणि त्या काळाबरोबर बदलत आहेत, असें त्यांत आढळलें. जी भाषा तिच्या मालकांच्या घरांतही स्थिर नाहीं, तिच्यापुढें आपण थरथर कांपत उभें राहण्याचें कारण नाहीं.

याचा अर्थ लाल रेघ नकोच, असा कोणी करूं नये. परीक्षेंत ‘एन्जॉय’पुढें ‘इंग’च लिहावें, आणि मुलांकडून तें लिहवून घ्यावें, भाषा आज जेथें आहे तेथें तिला भेटणें हाच शिष्टाचार आहे. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, रेघ ओढल्यावर शिक्षकांनीं क्षणभर थांबावें आणि मुलाला विचारावें, ‘तूं बोलायचा थांबलास, कीं बोलायला थांबलास?’ मूल हंसेल, उत्तर बरोबर देईल, आणि त्या उत्तरांतच त्याला ‘टु’ व ‘इंग’ यांचा अर्धा इतिहास कळलेला असेल. उरलेली अर्धी यादी तें मग आनंदानें पाठ करील. आम्हांस तो प्रश्न कोणीं विचारला नाहीं. म्हणून वाचकांनीं आपापल्या घरांतील मुलांस तो अवश्य विचारावा.